फ्लॉवरचा रस्सा (खानदेशी)

फ्लॉवरचा रस्सा हा खानदेशातील, म्हणजे नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील घरांत मुख्यतः हिवाळ्यात केला जाणारा तिखट व दाट रश्श्याचा शाकाहारी पदार्थ आहे. भाजलेले सुके खोबरे, कांदा आणि शेंगदाणे यांच्या वाटणामुळे या रश्श्याला सायीसारखा दाटपणा येतो. दूध, साय किंवा काजू यांची त्याला गरज नसते. उपाहारगृहांत टोमॅटो, काजू व साय घालून केली जाणारी ‘गोबी मसाला’ ही भाजी याहून वेगळी आहे. दोन्हींत फुलकोबीच असली तरी एकीचा दाटपणा दुधातून येतो, तर दुसरीचा वाटणातून. चवीतील सारा फरक येथूनच सुरू होतो.

पार्श्वभूमी

प्रमाण मराठीत या भाजीला फुलकोबी म्हणतात. बोलण्यात मात्र ‘फ्लॉवर’ हाच शब्द रूढ आहे. ही भाजी मूळची भारतीय नव्हे. १८२२ च्या सुमारास इंग्लंडमधील क्यू उद्यानातून आणलेले तिचे बियाणे सहारनपूरच्या कंपनी बागेत लावले गेले. थंड हवेतल्या या पिकाचे उष्ण हवामानात तग धरणारे वाण पुढे भारतात तयार झाले. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा कातकी’ व ‘पुसा दीपाली’ हे त्यांपैकी लवकर येणारे वाण होत. मिरची आणि भुईमूग ही पिकेही अमेरिका खंडातून आलेली आहेत. त्यामुळे या पदार्थाचे ‘पारंपरिक’पण त्याच्या घटकांपेक्षा वाटणाच्या पद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरते. शेवभाजी आणि पातोड्यांचा रस्सा यांनाही असेच वाटण लागते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या या प्रदेशात ओल्या नारळाऐवजी टिकाऊ सुके खोबरे वापरले जाते, आणि ते भाजून घेण्याच्या रीतीमुळे रश्श्याला त्याचा ओळखीचा काळपट रंग येतो.

नंदुरबारची मिरची

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार शहर लाल मिरचीच्या मोठ्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. पावसाळा सरल्यावर बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. व्यापारी ती विकत घेऊन मोकळ्या जागेवर उन्हात वाळत घालतात. या जागांना तेथे ‘पथारी’ म्हणतात. मिरची पसरणे, उलटवणे, देठ खुडणे ही कामे हंगामी मजूर करतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. याच महिन्यांत फुलकोबीचे घट्ट, पांढरे गड्डे बाजारात स्वस्त मिळतात. नवी मिरची आणि ताजी फुलकोबी एकाच वेळी हाती येत असल्याने हा रस्सा हिवाळ्यात विशेष खुलतो.

मिरची पथारीवर असताना अवकाळी पाऊस झाला तर व्यापाऱ्याचे नुकसान होते आणि मजुरांचा रोजगार बुडतो. शिवाय भिजलेल्या मिरचीला बुरशी लागण्याचा धोका असतो. काही बुरशींपासून तयार होणारे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष यकृताला घातक असून घरगुती शिजवण्याने ते पुरते नष्ट होत नाही. हाच धोका दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांत व खोबऱ्यातही असतो. या रश्श्याचे तिन्ही आधार वाळवणाचे असल्यामुळे कुबट वासाचे दाणे किंवा काळे-हिरवे डाग पडलेले खोबरे केवळ चवीसाठी नव्हे, तर आरोग्यासाठीही टाकून द्यावे लागते. भाजल्याने वास झाकला जातो. दोष जात नाही.

साहित्य व कृती

चार माणसांसाठी अर्धा किलो फुलकोबी, दोन मध्यम कांदे, ५० ग्रॅम सुके खोबरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, ८ ते १० लसूण पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, दोन चमचे लाल तिखट, दीड ते दोन चमचे काळा मसाला, हळद, मीठ, कोथिंबीर आणि पाऊण वाटी तेल पुरते. काळ्या मसाल्यात धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल इत्यादी जिन्नस असतात. त्यांचे प्रमाण घरोघर बदलते.

फुलकोबीचे मोठे तुरे करून ते मीठ-हळदीच्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवतात, म्हणजे आतील अळ्या बाहेर पडतात. तुरे निथळून थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परततात व बाजूला काढतात. ही पायरी गाळली तर तुरे रश्श्यात पाणी सोडतात आणि दाटपणा मोडतो. फुलकोबी फार वेळ शिजवल्यास तिच्यातील गंधकयुक्त घटकांचा उग्र वासही सुटतो. म्हणून ती रश्श्यात अगदी शेवटी घालतात.

खोबरे व अख्खे कांदे थेट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर भाजतात. कांद्याची वरची साल जळून आतला गर मऊ झाला पाहिजे. खोबरे मात्र करपता कामा नये, नाहीतर रस्सा कडू होतो. मग शेंगदाणे, लसूण, आले व कोथिंबीर घालून हे सर्व गंधासारखे बारीक वाटतात. पूर्वी हे काम पाटा-वरवंट्यावर होई. सारी कसोटी या वाटण्यात आहे. खोबऱ्यात व दाण्यांत स्निग्धांश भरपूर असतो. कण पुरेसे बारीक असले की ते पाण्यात मिसळून राहतात आणि रस्सा सायीसारखा लागतो. वाटण भरड राहिले तर चोथा तळाशी बसतो.

उरलेल्या तेलात वाटण मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परततात. आच कमी करून मगच तिखट व मसाला घालतात, कारण कडकडीत तेलात तिखट लगेच काळे पडते. त्यानंतर तीन वाट्या उकळते पाणी व मीठ घालून दहा मिनिटे उकळू देतात. वर लाल तवंग आला की तुरे सोडून पाच-सात मिनिटांत भांडे उतरवतात.

तिखटपणा व त्यात बदल

मिरचीचा तिखटपणा ‘कॅप्सेसिन’ या द्रव्यामुळे येतो. ते प्रामुख्याने बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असते. हे द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही अधिक उपयोगी पडते. मुलांसाठी किंवा वृद्धांसाठी रस्सा सौम्य करायचा असल्यास भांडे उतरवल्यावर वेगळ्या वाटीत दोन चमचे साय घोटून घालता येते. मात्र त्या वाटीत आंबट घालू नये. आम्लामुळे दुधातील प्रथिने फुटतात. जिल्ह्याच्या सातपुड्यातील धडगाव भागात कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर तयार केला जातो. आंबटपणा हवा असल्यास साय न घातलेल्या रश्श्यात त्याची चिमूट चांगली लागते.

हा रस्सा ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर, कच्चा कांदा व लिंबू यांसह वाढतात. भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतण्याची पद्धतही सर्वत्र आहे. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो, पण तुरे मऊ पडतात. त्यामुळे शिळा रस्सा ठेवायचाच असेल तर त्यातले तुरे आदल्या रात्रीच संपवतात.