ओल खाल्लेल्या चामड्याची शुश्रूषा

चामड्याचे बूट आणि चपला वापराने झिजतात हे खरेच. परंतु महाराष्ट्राच्या हवेत त्यांचे तेवढेच नुकसान भिजल्यानंतर केलेल्या घाईच्या उपचारांनी होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओले झालेले जोड शेगडीजवळ किंवा पत्र्यावर कडक उन्हात वाळत टाकले जातात, ते ताठरले म्हणून त्यांना तेल चोपडले जाते आणि पांढरे डाग दिसू लागले की त्यांवर पॉलिशचा जाड थर दिला जातो. यांतील प्रत्येक उपाय चांगल्या हेतूने केलेला असतो, पण प्रत्येक उपाय चामड्याच्या जडणघडणीच्या विरुद्ध जातो. म्हणून स्वच्छता आणि दुरुस्ती यांच्याकडे वळण्यापूर्वी हा पदार्थ मुळात कसा बनतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

जनावराच्या कातड्याचा मुख्य घटक कोलॅजन नावाचे प्रथिन असून त्याचे तंतू पिळलेल्या सुतळीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. केसांची मुळे असलेल्या वरच्या थरात हे तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात व त्यामुळे चामड्याला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. त्याखालच्या थरात ते जाड आणि मोकळे असतात व चामड्याचे बळ मुख्यतः तेथेच असते. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर कडक होते. ते कुजू नये व वाळल्यावरही लवचीक राहावे यासाठी केल्या जाणाऱ्या प्रक्रियेला कातडे कमावणे म्हणतात. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींमधील टॅनिन ही तुरट द्रव्ये तंतूंमध्ये मुरवून कमावण्याची पद्धत फार जुनी आहे, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत 1884 मध्ये तिचे पेटंट घेतले. आज बुटांच्या वरच्या भागाचे बहुतेक चामडे क्रोमियमने कमावलेले असते. या दोन पद्धतींतील फरक उष्णतेपुढे स्पष्ट होतो. ज्या तापमानाला पाण्यात भिजलेले तंतू आपली रचना सोडून एकदम आक्रसतात त्याला आकुंचन तापमान म्हणतात. कच्च्या कातड्यासाठी ते साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअस, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यासाठी 70 ते 85 अंश आणि क्रोमियमने कमावलेल्या चामड्यासाठी 100 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते. जुन्या, जीर्ण चामड्यात ही मर्यादा बरीच खाली उतरते. एकदा आक्रसलेले चामडे कोणत्याही तेलाने किंवा मलमाने पूर्ववत होत नाही आणि कोरड्या चामड्याला सोसणारी उष्णता ओल्या चामड्याला सोसत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी शेगडीचा मोह टळावा.

उष्णता मर्यादेत असली तरी वाळण्याचा वेग स्वतंत्रपणे महत्त्वाचा असतो. कमावल्यानंतर चामड्यात मुरवलेली तेले आणि चरबी तंतूंना एकमेकांवरून सरकू देतात व त्यामुळे बूट पावलाबरोबर वाकतो. पाणी भरपूर शिरले की यांतील काही अंश पृष्ठभागाकडे वाहून येतो आणि पाणी झपाट्याने निघून गेले की उघडे पडलेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. भिजलेला बूट वाळल्यावर ताठर होतो तो यामुळे. म्हणून भिजलेल्या जोडाचा चिखल प्रथम ओलसर फडक्याने पुसून, नाड्या व आतला सुटा तळ काढून, आत कोरा कागद सैलसर भरावा, तो ओला होताच बदलत राहावा आणि जोड पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, सावलीत, आडवा किंवा टाच टेकवून ठेवावा, जेणेकरून तळव्याखालूनही हवा खेळेल. वर्तमानपत्र चालते, पण त्याची शाई फिकट रंगाच्या अस्तराला लागते. पूर्ण भिजलेला बूट वाळण्यास दोन दिवस लागले, तर ते दोन दिवस त्याला द्यावेतच. बहुतेक ओल गेल्यावर कागदाऐवजी लाकडी फर्मा, म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा, आत बसवल्यास सुरकुत्या ताणल्या जाऊन आकार टिकतो. बूट आतून भरून ठेवण्याचे उदाहरण फार जुने आहे: आर्मेनियातील आरेनी गुहेत 2008 मध्ये सापडलेला, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, गाईच्या एकाच कातड्यातून बेतलेला बूट गवताने भरलेला होता. ते गवत ऊब मिळावी म्हणून होते की आकार टिकावा म्हणून, याचा निर्णय संशोधकांनी दिलेला नाही, परंतु थंड, कोरडी गुहा आणि वरचा मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर यांमुळे त्याच्या नाड्यादेखील शाबूत राहिल्या.

पावसाळ्यात कपाटातून बाहेर काढलेल्या बुटावर दिसणारे पांढरे डाग हे या विषयातील सर्वांत फसवे लक्षण होय, कारण दिसायला सारखे असणारे हे डाग तीन वेगळ्या कारणांनी पडतात आणि तिन्हींचे उपचार निराळे आहेत. पहिला प्रकार बुरशीचा असून ती ठिपक्याठिपक्यांनी, बहुधा शिवणीच्या कडेने आणि अस्तरावर वाढते, भिंगाखाली तिची लव दिसते व तिला कुबट वास येतो. दुसरा प्रकार क्षारांचा. घामातील किंवा रस्त्यावरच्या पाण्यातील मीठ चामड्यात शिरते आणि पाणी बाष्परूपाने निघून जाताना ओलीची सीमा जेथपर्यंत पोहोचली होती तेथे पांढरी, खरखरीत, नागमोडी रेघ मागे ठेवते. तिसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चामड्यातील तेलाचे काही घटक, विशेषतः स्टिअरिक आणि पाल्मिटिक ही घट्ट होणारी मेदाम्ले, कालांतराने पृष्ठभागावर येऊन पांढरट पुटासारखी गोठतात; हे पूट बुरशी समजून वारंवार पुसले जाते आणि ते पुन्हा आले की बूट टाकून दिला जातो. तिन्ही ओळखण्याची रीत सोपी आहे. केस वाळवण्याच्या यंत्राचा कोमट झोत डागावर थोड्या अंतरावरून क्षणभर सोडावा. मेदाचे पूट वितळून दिसेनासे होते, बुरशी आणि मीठ मात्र तसेच राहतात. त्यानंतर ओले बोट फिरवल्यास मीठ विरघळते आणि बुरशी पसरते.

मेदाचे पूट कोमट झोताने मऊ करून फडक्याने टिपून घेतले की काम भागते. क्षाराची रेघ काढण्यासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणात भिजवून घट्ट पिळलेले फडके रेघेपुरते न फिरवता शिवणीपासून शिवणीपर्यंत संपूर्ण भागावर फिरवावे, अन्यथा एका रेघेच्या जागी दुसरी उमटते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या टोरांटो, शिकागो अशा शहरांतील मराठी कुटुंबांना हा उपाय दर हिवाळ्यात उपयोगी पडणारा आहे. बुरशीचे काम अधिक जपून करावे लागते. जोड घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून, कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे समभाग मिश्रण फडक्याला लावून बाहेरून व आतून पुसावे, परंतु त्याआधी टाचेच्या आतल्या बाजूस थोडे लावून रंग सुटत नाही ना, याची खात्री करावी, कारण अल्कोहोल अनेक बुटांचा वरचा लेप विरघळवते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सतत 65 ते 70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी पुन्हा धरतेच. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेला जोड हमखास बिघडतो, आणि तोच जोड सुती पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह उघड्या फळीवर ठेवल्यास बहुधा वाचतो.

साबणाविषयीही स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते, त्याचा पीएच सुमारे 3.5 ते 5 या टप्प्यात असतो, तर कपडे धुण्याचा साबण किंवा पावडर अल्कधर्मी असते व ती कमावणीची द्रव्ये आणि तेल दोन्ही सैल करते. घोड्यांच्या खोगिरांसाठी बनवलेला सॅडल सोप हा खास चामड्याचा साबण म्हणून विकला जातो, पण तोही अल्कधर्मीच असल्यामुळे त्याचा फेस थोडाच वापरून लगेच पुसून घ्यावा. घामाचेही असेच आहे: ताजा घाम फारसा त्रासदायक नसतो, पण बुटाच्या आत जिवाणूंच्या क्रियेने त्यात अमोनिया तयार होऊन तो अल्कधर्मी बनतो, आणि आतला तळ काळा पडून तडकतो. एकच जोड रोज न घालता त्याला एक दिवसाआड विश्रांती देणे हा यावरचा कोणत्याही मलमापेक्षा परिणामकारक उपाय आहे.

तेल किती लावावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा बरेच कमी, असे आहे. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील ग्रंथालयांनी चामडी बांधणीच्या पुस्तकांना जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल आणि लोकरीतील लॅनोलिन यांचे मिश्रण वर्षानुवर्षे लावले. पुढे ते चामडे काळवंडणे, चिकट होणे, त्यावर पांढरे पूट येणे असे परिणाम दिसल्यावर ही प्रथा बहुतांशी सोडून देण्यात आली. बूट वाकतो आणि भिजतो, म्हणून त्याला पुस्तकापेक्षा अधिक स्निग्धता लागते, तरीही मलमाचा पातळ थर, रात्रभर मुरू देऊन उरलेला पुसून टाकणे, एवढे वर्षातून तीन-चार वेळा पुरते. घरोघरी वापरले जाणारे खोबरेल तेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे थंडीत शिवणीमध्ये ते पांढरे दिसू लागते. शिवाय जास्त तेलाने तंतू इतके सैल पडतात की बूट आकार सोडतो आणि त्यावर नंतर ना रंग धरतो ना गोंद.

भेगांच्या बाबतीत भेग लेपात आहे की चामड्यात, हे आधी ठरवावे लागते. बोटाने बूट वाकवून पाहिल्यास लेपाची भेग केवळ रंगात पडलेल्या चिरेसारखी दिसते, पण चामड्याची भेग उघडून तिच्यात खालचे फिकट तंतू दिसतात. तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. भेग भरता येते, सांधता येत नाही. भरण्याची रीत अशी की जुने पॉलिश काढून, कडा 400 नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिशपेपरने हलक्या घासून, लवचीक ॲक्रिलिक लांबी अगदी पातळ थरांनी भरावी, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्यावर रंगद्रव्य चढवावे. पंजाच्या वळणावर, जेथे प्रत्येक पावलाला चामडे दुमडते तेथे, ही भरणी फार काळ टिकत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगणारा कारागीर प्रामाणिक समजावा.

पॉलिशचे स्थान या सर्वांच्या शेवटी येते. डबीतले पॉलिश म्हणजे कार्नौबा मेण, मधमाश्यांचे मेण अशी मेणे टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळवून केलेले मिश्रण असते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा सुमारे 82 अंशांना वितळते, तर मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना. पहिल्याने कठीण चकाकी येते आणि दुसऱ्याने पॉलिश पसरते. मेलबर्न येथे विल्यम रॅमसे यांनी 1906 मध्ये बाजारात आणलेले किवी पॉलिश पहिल्या महायुद्धातील सैनिकांबरोबर जगभर गेले, आणि सैनिकी बुटांच्या चवड्यांची आरशासारखी चकाकी म्हणजे मेणाचाच थर होय. तो थर चवडा आणि टाच या न वाकणाऱ्या भागांवरच शोभतो. वळणावर साचलेले मेण तडकते, धूळ धरते आणि खालच्या चामड्यापर्यंत मलम पोहोचू देत नाही.

उलट्या बाजूच्या लवदार चामड्याला, म्हणजे स्वेडला, मेण आणि तेल दोन्ही वर्ज्य असून त्याला रबरी ब्रश आणि खोडरबर पुरते. चकचकीत पेटंट चामड्यावर प्लॅस्टिकचा थर असल्याने त्याला केवळ ओलसर फडके लागते.

जोड पूर्ववत करणे हे नेहमीच उद्दिष्ट असते असे नाही. ऑश्विट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारक-संग्रहालयात तेथे ठार मारल्या गेलेल्या मुलांचे सुमारे 8,000 जोड असून 2023 मध्ये त्यांच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. त्या कामात धूळ आणि गंज दूर करण्यात आला, परंतु भेगा बुजवण्यात आल्या नाहीत आणि झिजलेल्या टाचा बदलण्यात आल्या नाहीत, कारण त्या खुणा म्हणजेच पुरावा होय.

रोजच्या वापरातील जोडाला मात्र तळ लागतोच, आणि कित्येकदा वरचे चामडे उत्तम असताना तळच दगा देतो. पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचे तळ हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतात. म्हणून लग्नसमारंभासाठी जपून ठेवलेला, चार-पाच वर्षे न वापरलेला बूट पायात घालताच त्याच्या तळाचे तुकडे पडू लागतात. त्याला गोंद लावण्यात अर्थ नाही, तळच बदलावा लागतो. वरचे चामडे आणि तळ यांमध्ये चामड्याची पट्टी शिवून केलेल्या, गुडइयर वेल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधणीत हे काम सुकर असते, कारण जुना तळ उसवून त्याच पट्टीला नवा शिवता येतो.

कोल्हापुरी चपलेची रचना दुरुस्तीच्या दृष्टीने याहूनही उदार आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते आणि तिचे थर खिळ्यांविना, चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. याच कमावणीमुळे ती पाण्याला नाजूक ठरते: तळ फुगतो, थर सुटतात, आणि ओल्या चपलेला लोखंडाचा स्पर्श झाला तर टॅनिन व लोह यांच्या संयोगाने काळा डाग पडतो; पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई बनवली जाई, ती याच रासायनिक क्रियेने. त्यामुळे सुटलेल्या थराला लोखंडी चुका मारून घेणे ही या चपलेची सर्वांत वाईट दुरुस्ती होय. सावलीत पूर्ण वाळवून, थरांमधली माती ब्रशने काढून, कुजलेला तळाचा थर रापीने कापून टाकावा, त्या मापाचा नवा थर बसवावा आणि आरीने जुनीच छिद्रे मोकळी करून त्यांतून नवी वादी ओवून घ्यावी. छिद्रे जुनीच वापरल्याने कड आणखी दुबळी होत नाही, आणि अंगठ्याचा व पट्ट्याचा भाग शाबूत असेपर्यंत हे काम पुन्हा पुन्हा करता येते.