पहिली गाडी सजवण्याआधी

मागच्या महिन्यात मंडळाची बैठक संपली आणि पहिल्या वर्षाचा एक मुलगा कॅन्टीनमध्ये मागे रेंगाळला. म्हणाला, "दादा, आजोबांची २००६ ची मारुती ८०० घरी उभी आहे. चाळीस हजार जमवलेत. मोठी चाकं, भारी आवाज, जोरात लाइट... कुठून सुरुवात करू?" आजोबा गेल्यापासून ती गाडी कुणी बाहेर काढली नाही, हे त्यानं चहा संपल्यावर सांगितलं. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या ८०० ला १००/९० वॅटचे बल्ब बसवले. मूळचे होते ६०/५५ चे. हिशेब काही केला नाही. खरं तर तो शाळेतलाच आहे: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. बारा व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठाच्या वर. म्हणजे दोन दिव्यांना मिळून जिथं १० अँपिअर लागायचे, तिथं सोळा-सतरा वाहू लागले. वायर मात्र तीच, जुनी. फ्यूज उडायचा, तर बसवणाऱ्यानं "सारखा उडतोय" म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घातला. बिघाड सांगणारं तोंडच बंद केलं. गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात रात्री जळका वास आला आणि एका वळणावर दोन्ही दिवे गेले. शेजारी धाकटी बहीण बसली होती. गाडी कशीबशी कडेला लागली. आम्हाला काही झालं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी वितळलेल्या वायरी हातात ठेवल्या आणि म्हणाले, "गाडीला आधी थांबाय शिकव की रे, मग पळव." तेव्हापासून माझा क्रम ठरला.

पहिलं काम ब्रेकचं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, मागच्या ड्रमच्या आत गंज धरतो, रबरी होज कडक होतात. ब्रेक ऑइल, होज, पॅड, लायनर तपासून लागेल ते बदल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढ. मग टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघ. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचं रबर तडकलेलं असू शकतं.

आता मोठी चाकं. समजा टायरवर १४५/७० आर१२ लिहिलंय. १४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची तिच्या ७० टक्के, आणि रिम १२ इंची. चाकाचा पूर्ण व्यास येतो साधारण ५०८ मिमी. त्याजागी १५५/६५ आर१३ घातला तर तो होतो सुमारे ५३२, म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असेल. वळताना टायर कुठं घासतो का, हा प्रश्न वेगळाच. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात. स्प्रिंग कापून गाडी खाली आणायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हण. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून सरकू शकते.

आवाजाचं म्हणशील तर ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाला नुसता सायलेन्सर बदलून ताकद येत नाही. फक्त गल्ली जागी होते.

कायदाही वाचून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. काचांवरच्या काळ्या फिल्मवर तर २०१२ पासून बंदी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. २००६ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२१ मध्येच संपली. तेव्हा आधी आरसी आणि विम्याची तारीख बघ. हौसेपायी गाडी तपासणीत नापास झाली तर आजोबांची गाडी अंगणातच राहील. अन् विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर महागात पडतो.

मग हौस करायचीच नाही का? करायची की! चाळीसपैकी दहा हजार बाजूला ठेव, कारण जुनी गाडी उघडली की आतून आणखी एक काम निघतंच. उरलेल्यातून आधी ब्रेक, टायर, वायरिंग. मग मूळ रंगातच रंगकाम, चांगली सीट कव्हरं, स्वतंत्र फ्यूज असलेला म्युझिक सिस्टीम. उजेड कमी वाटला तर मूळ वॅटचेच बल्ब ठेवून रिले बसवून घे. त्यानं बल्बला बॅटरीतून जाड वायरीनं थेट वीज मिळते आणि स्विचवर भार येत नाही. एका वेळी एकच बदल कर आणि आठवडाभर चालवून बघ, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळेल. काढलेला मूळ भाग फेकू नकोस. उघडण्याआधी फोटो काढ आणि खर्च वहीत लिही.

त्या मुलाला मी हे सगळं परवा सांगितलं. थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "आजोबांनी डिकीत एक वही ठेवलीय दादा, कधी ऑइल बदललं, कधी टायर, सगळं लिहिलेलं." मी म्हटलं, मग नवी वही घेऊ नकोस. त्यातच पुढच्या पानावर लिही. रविवारी चाकं काढायला मी येतो.