‘चक्रवाक’ या नांवाविषयीं थोडेंसें

गेल्या सहामाही परीक्षेंत आम्हीं वरच्या वर्गास ज्ञानेश्वरींतील एका दृष्टांताचा अर्थ लिहावयास दिला होता. एका विद्यार्थ्यानें मोठ्या आत्मविश्वासानें लिहिलें कीं, रात्रीं नदीच्या दोन तीरांवर दोन ‘चक्रवात’ एकमेकांसाठीं रडत बसतात. चक्रवात म्हणजे वावटळ! आम्हांस हंसूं आलें. परंतु पुढील उत्तरें तपासतां तपासतां तें मावळलें. कारण ज्यांनीं शब्द शुद्ध लिहिला होता, त्यांतील बहुतेकांनीं ‘हा कवींच्या कल्पनेंतील एक पक्षी आहे’ अशी पुस्ती जोडली होती. वास्तविक हा पक्षी दर हिवाळ्यांत आपल्या महाराष्ट्रांतील जलाशयांवर येऊन उतरतो. ज्याला लोक ब्राह्मणी बदक म्हणतात तोच हा. तेव्हां त्याच्या नांवाची हकीकत विद्यार्थ्यांस सांगणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

प्रथम शुद्धलेखनाचें पाहूं. कांहीं जण शेवटचें अक्षर पायमोडकें करून ‘चक्रवाक्’ असें लिहितात. ‘वाक्’ म्हणजे वाणी, हें त्यांच्या मनांत असतें, आणि तें अगदींच चूक नव्हे. परंतु येथें ‘वच्’ म्हणजे बोलणें या धातूपासून झालेलें ‘वाक’ हें अकारान्त रूप आहे. म्हणून नर तो चक्रवाक व मादी ती चक्रवाकी.

‘ज्याचें बोलणें चक्र असें आहे तो’ हा झाला जुन्या पंडितांचा अर्थ. अमरकोशांत या पक्ष्याला कोक आणि चक्र अशींहि नांवें दिलीं असून, शिवाय ‘रथांगाह्वयनामक’ असें एक लांबलचक नांव आहे. रथांग म्हणजे रथाचें चाक. त्या चाकाचें नांव धारण करणारा, असा त्याचा अर्थ. कालिदासानेंहि रघुवंशांत त्यास ‘रथांगनामा’ म्हटलें आहे. जणूं उखाणाच! मग हा पक्षी गाडीच्या चाकासारखा करकरतो कीं काय? आमच्या मतें चाकाचा संबंध मागाहून जुळला असावा. काक, कोकिल, कुक्कुट हीं नांवें जशीं त्या त्या पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलीं, तसेंच येथेंहि घडलें असावें. आधीं आवाज, मग त्यास जवळचा वाटणारा ओळखीचा शब्द.

हें नांव किती जुनें आहे म्हणाल, तर ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत अश्विनीकुमारांना चक्रवाकांच्या जोडीची उपमा दिलेली आहे. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडांत, विवाहाच्या मंत्रांत, वधूवरांसाठीं हीच उपमा येते. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तेथें ती जोडी एकत्र आहे; विरहाची कथा मागाहून प्रसिद्धीस आली. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत गौतमी येत असल्याची सूचना पडद्यामागून शकुंतलेस मिळते, ती चक्रवाकीला हांक मारण्याच्या मिषानें: रात्र झाली, आतां सहचराचा निरोप घे! मेघदूतांत यक्ष आपल्या एकट्या पडलेल्या पत्नीस चक्रवाकीच म्हणतो.

संस्कृतांतून प्राकृतांत उतरतांना नांवाचें रूप पालटलें. ‘क्र’चा ‘क्क’ झाला, शेवटचा ‘क’ गळाला आणि ‘चक्कवाअ’ झालें. त्यावरून हिंदींतील ‘चकवा’ आला. घोटकाचा घोडा झाला तो याच वाटेनें. मात्र मराठी वाचकांनीं येथें सावध असावें. आपल्याकडे रानांत वाट चुकून माणूस फिरून फिरून एकाच जागीं येतो, तेव्हां त्यास ‘चकवा लागला’ म्हणतात. तो चकवा ‘चकविणें’ या क्रियापदापासून झालेला आहे. त्याचें या पक्ष्याशीं नातें नाहीं.

‘ब्राह्मणी’ हें नांव इंग्रजी अमदानींत इंग्रजांच्या पुस्तकांतून रूढ झालें. पक्ष्याचा रंग भगव्या वस्त्रासारखा, आणि हिंदु लोक त्यास पवित्र मानून मारीत नसत, यांवरून तें पडलें असावें. लडाख व तिबेट या भागांतहि लामांच्या वस्त्राच्या रंगामुळें त्यास अभय मिळत आलें आहे. याच्या उलट जर्मन शास्त्रज्ञ पॅलस यानें १७६४ सालीं त्यास लॅटिन नांव दिलें तें ‘फेरुजिनिया’, म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या रंगाचा. एकाच पिसाऱ्यांत कोणास संन्याशाची छाटी दिसली, कोणास गंज!

इंग्रजी नांवाच्या लेखनाचा घोटाळा तर आपल्या ‘चक्रवाता’स शोभेल असाच आहे. ‘शेल्ड’ या जुन्या बोलींतील शब्दाचा अर्थ कबरा, आणि ‘ड्रेक’ म्हणजे बदकाचा नर. यांतील दोन ‘ड’ एकजीव होऊन ‘शेल्ड्रेक’ झालें. हें मूळचें युरोपांतील एका कबऱ्या बदकाचें नांव; आपल्या पक्ष्यास ‘तांबूस’ या अर्थाचें विशेषण जोडून तेंच दिलें गेलें. पुढें कोणास त्यांत ‘शील्ड’ म्हणजे ढाल दिसली व ‘शील्ड्रेक’ असें लिहिणें सुरू झालें. १८६२ ते १८६४ या काळांत प्रसिद्ध झालेल्या जर्डनसाहेबांच्या हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील ग्रंथांतहि हीच ढाल आहे. मादीला नराचें नांव शोभेना म्हणून ‘शेलडक’ हें रूपहि प्रचारांत आलें, व आजच्या पुस्तकांत तेंच आढळतें.

आतां त्या विरहाविषयीं. शापामुळें हें जोडपें रात्रीं वेगळें होतें आणि नदीच्या दोन तीरांवरून ‘मी येऊं का?’, ‘नको’ असें विचारीत राहतें, ही लोककथा जर्डननेंहि टिपून ठेविली आहे. कथेस आधार अगदींच नाहीं असें नव्हे. हे पक्षी बहुधा जोडीनें राहतात, दिवसा वाळूच्या पट्ट्यावर विसावतात व मुख्यत्वें रात्रीं चरतात. चरतांना जोडींत अंतर पडलें कीं अंधारांत एकमेकांस साद घालणें आलेंच. तो आवाज मोठा, सानुनासिक, दूरवर जाणारा असतो. नदीकांठीं निजलेल्या माणसास त्यांत प्रश्नोत्तर ऐकूं आलें तर नवल नाहीं.

ज्ञानेश्वरमहाराजांनीं याच समजुतीचा उपयोग सोळाव्या अध्यायाच्या आरंभीं केला आहे. भेदरूपी नदीच्या दोन्ही थड्यांवर बुद्धि आणि बोध हीं विरहानें आक्रोश करीत आहेत, आणि सद्गुरुरूपी सूर्य उगवून त्या चक्रवाकांची भेट घडवितो. शके १२१२ मध्यें हा ग्रंथ नेवासें येथें, प्रवरेच्या कांठीं सांगितला गेला. तेथून थोड्याच अंतरावर प्रवरा गोदावरीस मिळते, आणि त्या संगमाच्या खालच्या अंगास आज पैठणच्या धरणाचा नाथसागर पसरला आहे. त्या जलाशयावर हिवाळ्यांत चक्रवाक उतरतात.

नाथसागराखेरीज उजनीच्या पाण्यावर भिगवणाजवळ व नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वर येथेंहि ते दिसतात. ऑक्टोबराच्या सुमारास ते उत्तरेकडून येतात व उन्हाळा लागतां लागतां परततात. नारिंगी तांबूस अंग, फिकट डोकें, काळी शेपटी, आणि उडतांना पंखांवर पांढरा पट्टा, एवढ्यावरून ओळख पटते. विणीच्या ऋतूंत नराच्या गळ्याभोंवतीं काळें कडेंहि असतें. नाताळच्या सुटींत ज्यांस तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनीं पहांटे उठून कान देऊन ऐकावें, आणि त्यांस ‘चक्र’ ऐकूं आलें, ‘कोक’ ऐकूं आलें, कीं आणखी कांहीं, तें परत आल्यावर आम्हांस अवश्य कळवावें.