‘बिचारा’ म्हणून भागत नाही

श्रोतेहो, गावात एखादा मुलगा पायाने अधू असला की आपण ‘बिचारा’ म्हणतो, सणावारी त्याच्या हातावर चार पैसे ठेवतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. पण शाळेच्या पायऱ्या त्याने चढायच्या कशा, हा प्रश्न तसाच राहतो.

कोल्हापुरात हा प्रश्न हाती घेतला नसीमा हुरजूक यांनी. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले, चाकाची खुर्ची आली. तरी १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली.

अशा संस्था करतात तरी काय? आधी कुबड्या, कॅलिपर, खुर्ची मिळवून देतात. पण नुसती खुर्ची घेऊन खेड्यातली पाऊलवाट सरत नाही. म्हणून वसतिगृह लागते. तिथे पायरीऐवजी उतार, दारे रुंद. मग शाळा, आणि शेवटी हाताला काम. यातला एक दुवा तुटला, तर शिकलेला मुलगाही पुन्हा ओसरीवरच बसतो.

२०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र त्यासाठी सरकारी दाखला हवा, आणि तो काढायला मुलाला घराबाहेर आणायला हवे.

गुरुजी, असे मूल कोणत्या घरात आहे, हे संस्थेला ठाऊक नसते, तुम्हाला असते. तेवढा उंबरठा तुम्ही ओलांडा. पुढची वाट दाखवणारी माणसे आहेत.