मन घट्ट कर म्हणून भागत नाही

या पानावर मी एरवी कांद्याचा करपा, उसातली हुमणी, ठिबकचं अनुदान असं लिहीत असतो. आज पिकाचा विषय नाही. पण शिवारात हिंडताना जे दिसलं, तेच सांगतोय.

पारनेर तालुक्यात एक शेतकरी आहेत. नाव-गाव देत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. तीन एकर कांदा, दोन गाई. शेतीशाळेला पहिल्या रांगेत बसायचे आणि प्रश्न विचारून मला भंडावून सोडायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत कांद्याचे भाव कोसळले. त्यानंतर दोन शेतीशाळांना तात्या दिसले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर मी वस्तीवर गेलो, तर ठिबकच्या नळ्या तशाच पसरलेल्या, रोप टाकलेलं नाही, तात्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. "काय होतंय?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही साहेब, अंग दुखतंय, झोप लागत नाही." दोनदा सलाईन लावून झालं होतं.

मी काय केलं? तुम्ही-आम्ही सगळे करतो तेच. म्हणालो, "तात्या, मन घट्ट करा. भाव आज ना उद्या वाढतील." तात्या "हो साहेब" म्हणाले. मी गाडीला किक मारली. आपण धीर दिला असं मला वाटलं होतं. खरं तर पिवळ्या पडलेल्या पिकाला 'हिरवं हो' म्हणावं, तसला तो सल्ला होता.

तात्यांना सावरलं ते त्यांच्या शाळेपासूनच्या दोस्तानं. हा गडी शेजारच्या वस्तीवर राहतो, फारसा बोलका नाही. रोज सकाळी यायचा आणि म्हणायचा, "चल, डेअरीला दूध घालून येऊ." चार दिवस तात्या उठले नाहीत, पाचव्या दिवशी उठले. मग दूध घालणं रोजचं झालं, मग गाईंना चारा टाकणं, मग नळ्या गुंडाळणं. दोस्तानं भावावर चर्चा केली नाही की कर्जाचा हिशेब मांडला नाही. एक दिवस मात्र सरळ विचारलं, "तात्या, जीव नकोसा झालाय का?" तात्या पोटभर रडले. असं विचारलं तर नको ते डोक्यात येईल, अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाचं ओझं हलकं होतं, आणि आपल्यालाही कळतं की पाणी किती खोल आहे.

या दोस्तानं कसलं पुस्तक वाचलेलं नाही. पण त्यानं जे केलं, तेच गोव्यात रीतसर करून पाहिलंय. 'संगत' या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्यानं बऱ्यापैकी ग्रासलेल्या माणसाला त्यांनी सहा ते आठ वेळा भेटायचं, दर वेळी अर्धा-पाऊण तास. उपदेश करायचा नाही. सुटलेलं एखादं छोटं काम पुन्हा हातात द्यायचं आणि पुढच्या भेटीत त्याची विचारपूस करायची. त्यामागचं गणित असं, की मन खचलं की माणूस कामं सोडतो, कामं सुटली की चार माणसांत जाणं सुटतं आणि मग मन आणखी खचतं. हे रहाट उलटं फिरवायला कामापासून सुरुवात करायची. २०१७ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. केंद्रातल्या नेहमीच्या उपचारावर तीन महिन्यांत शंभरातले ३९ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना या भेटींची जोड मिळाली, त्यांच्यात ६४.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातही २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत असं काम झालं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचं मानसिक आरोग्याचं केंद्र आणि आपल्या ओळखीची बाएफ, दोघांनी मिळून. नाव काय ठेवलं, तर 'आत्मीयता'. गावातल्याच बाया-माणसांना शिकवलं, की कोण गप्प झालंय ते ओळखायचं, ऐकून घ्यायचं, अडचणीतून वाट काढायला मदत करायची, सरकारी योजनेचा कागद अडला असेल तर तोही पाहायचा, आणि दुखणं मोठं असेल तर डॉक्टरकडे न्यायचं.

आणि जामखेड तर आपलंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि जेमतेम शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्य सेविका केलं. जामखेड भागातल्या बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गटात आल्यावर, चार पैसे हातात आल्यावर मनाला आधार मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. इथं मला आमच्याच खात्याबद्दल बोलावंसं वाटतं. आमच्या सभांना सगळे पुरुष. तात्यांच्या घरी कारभारीण वर्षभर धड झोपली नव्हती. तिला कोणी विचारलं? मीही नाही.

आता मुद्द्याचं. मायेनं, दोस्तीनं माणूस वाचतो का? मी म्हणेन, वाचतो, पण ती माया हातपाय हलवणारी हवी, आणि तिला आपली मर्यादा कळायला हवी. तात्यांचा दोस्त महिनाभरानं थकला. तात्या दूध घालून यायचे, पण रात्र डोळ्यांत जायची, जेवण उतरायचं नाही. तेव्हा दोस्तानं त्यांना एसटीनं नगरला सिव्हिलला नेलं. त्याचाही कांदा शेतात होता, मजुरी अंगावर पडली, तरी गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. या गोळ्यांचं युरियासारखं नाही, की आज टाकलं आणि आठवड्यात काळोखी आली. गुण दिसायला दोन-चार आठवडे जातात आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नसतात. तात्यांनी तिसऱ्याच आठवड्यात सोडल्या होत्या. घरचे म्हणाले, सवय लागेल. दोस्त भांडला आणि पुन्हा चालू करायला लावल्या.

ज्या घरानं माणूस गमावलाय, त्यांनी हे वाचून स्वतःला बोल लावू नये. आपलं प्रेम कमी पडलं असं समजू नका. जीव लावूनही कधी कधी हे दुखणं आवरत नाही, जसं सगळं वेळेवर करूनही कधी पीक हातचं जातं.

तुमच्या गावात कोणी असं गप्प झालं असेल तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. 'टेलिमानस' ही सरकारची सेवा २०२२ पासून आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानंच फोन करावा असं नाही, तुम्हीही करू शकता. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.

शेवटची गोष्ट माझ्या खात्याची. फवारणीची औषधं घरात, हाताशी ठेवू नका. हे मी वर्षानुवर्षं लहान लेकरांसाठी म्हणून सांगत आलो, मोठ्यांसाठी सांगायचं सुचलं नव्हतं. वाईट विचाराची ती वेळ पुष्कळदा थोडीच असते, ती टळली की माणूस सावरू शकतो. तात्यांच्या दोस्तानं पहिल्याच आठवड्यात सगळे डबे उचलून आपल्या शेडमध्ये कुलपात ठेवले. तात्यांना काय सांगितलं, तर "तुझं छप्पर गळतंय."

गेल्या हंगामात तात्यांनी पुन्हा कांदा केला. शेतीशाळेत आता दुसऱ्या रांगेत बसतात, प्रश्न कमी विचारतात. छप्पर कधीच दुरुस्त झालंय, पण डबे अजून दोस्ताच्याच शेडमध्ये आहेत. फवारणी निघाली की तात्या लागेल तेवढं मागून आणतात आणि उरलेलं संध्याकाळी परत ठेवून येतात. जाताना दोघं मिळून डेअरीला दूध घालतात.