खामगावची शीळ

खामगाव म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, चांदी आठवते. जलंबहून इथवर टाकलेला आगगाडीचा फाटा 1870 सालचा, तोही कापसापायीच. मराठी भावगीताचा एक उगम याच गावात आहे, हे मात्र खामगावकरांनाही सांगावं लागतं.

गोविंद नारायण जोशी इथे 1909 साली जन्मले. त्याच वर्षी याच जिल्ह्यात मेहकरकडच्या सेंदूरजना गावी ना. घ. देशपांडे जन्मले. दोघेही वकिलीचं शिकलेले. एक मेहकरात राहून कविता लिहीत राहिला, दुसरा गाणं घेऊन मुंबईला गेला. 1930 नंतरच्या दोनेक वर्षांत जोशींनी नाघंच्या ‘शीळ’ या कवितेला स्वतः चाल लावली आणि तबकडीवर ती गायली.

यात प्रयोग कुठला, असं आज वाटेल. तेव्हा तबकडीवरचं मराठी गाणं म्हणजे मुख्यतः नाट्यपद, लावणी नाहीतर अभंग. नाटकातल्या पदामागे प्रसंग उभा असे, अभंगामागे देव. ‘शीळ’च्या पाठीशी काहीच नव्हतं. कविता, एक आवाज आणि तबकडीच्या एका बाजूला मावणारी तीनेक मिनिटं. त्यात तान घेतली तर शब्द बुडणार. जोशींनी शब्द वाचवले आणि गाणं घरोघरी गेलं. नाघंचा ‘शीळ’ हा संग्रह छापून आला 1954 साली. म्हणजे महाराष्ट्राने हा कवी आधी ऐकला, वाचला दोन दशकांनी!

पुढे गायक गजानन वाटव्यांनी भावगीत चौकाचौकात नेलं. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जोशी मात्र एच. एम. व्ही. या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत शिरले आणि काचेपलीकडे बसून इतरांचं गाणं टिपू लागले. गायक म्हणून ते मागे पडले, याची हळहळ करणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. मैफलीत तास-तास राग मांडणाऱ्या बुजुर्गांना तीन मिनिटांसाठी राजी करणं, हे चाल लावण्याहून सोपं नव्हतं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या आठवणी वाचताना हा माणूस वकील होता हे जाणवत राहतं.

त्यांच्या निर्मितीतली सर्वांत धाडसी तबकडी 1967ची, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मांचं संतूर तेव्हा शास्त्रीय मैफलीत नवखं होतं, हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, आणि चक्क गिटार! वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा, जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटारच्या पडद्यांवर बोटं दाबून स्वर तुटक येतात, लांब मींड निघत नाही. म्हणून काब्रा ती मांडीवर आडवी ठेवत आणि धातूची कांडी तारांवरून सरकवत.

तिकडे विलायतेत बीटल्समधला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन सतार शिकत होता. या तबकडीच्या चाहत्यांत त्याचंही नाव घेतलं जातं. नाघं तेव्हा मेहकरातच होते. त्यांच्या ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळायला अजून एकोणीस वर्षं होती.