अंगणातली बंद येझदी

खडकी बाजारातून आत वळले की जुन्या बैठ्या घरांच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, कुठे ना कुठे एखादी बंद मोटारसायकल उभी दिसते. टायर बसलेले, टाकीवर गंज, सीटवर मांजर. घरातल्या कर्त्या माणसाने ती कधी काळी हप्त्याने घेतलेली असते. तो माणूस निवृत्त होतो किंवा जातो, आणि गाडी तिथेच राहते. भंगारवाला येता-जाता तिच्यावर नजर ठेवून असतो.

खडकीत अशा गाड्या अधिक दिसाव्यात याला कारण आहे. 1869 साली इथे दारूगोळा कारखाना उभा राहिला. पुढे लष्कराचे वर्कशॉप आले, शेजारी दापोडीला एसटीचे वर्कशॉप झाले. तीन-तीन पिढ्या इथे फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून राबल्या. आमचे आबाही त्यांतलेच. छत्तीस वर्षे त्यांनी कानस आणि पाना हाती धरला. त्यामुळे आमच्या भाच्याने, जो आयटीआयला आहे, "आबा, मला एक जुनी बंद गाडी घेऊन चालू करायची आहे," असे म्हटल्यावर आबांचे डोळे चमकले आणि ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

ताईचे चुकत नव्हते. धुणीभांडी आणि शिवणकाम करून साठवलेले पैसे होते ते. "नवी गाडी हप्त्याने घेतलेली परवडली. या लोखंडाच्या पोटात किती पैसे जातील याचा काही नेम आहे का?" असे ती म्हणाली. शेवटी असे ठरले की वहीत हिशेब लिहायचा, आणि खर्च तीस हजारांच्या वर जाऊ लागला तर काम तिथेच थांबवायचे.

पहिला व्यवहार फसला

भाच्याने घाई केली. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे त्याने सहा हजारांत एक गाडी पसंत केली आणि पाचशे रुपये इसारही देऊन आला. कागद नाहीत, पण "कागद बनवून देतो" असे त्याला सांगण्यात आले होते.

दुसऱ्या दिवशी आबा सोबत गेले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. चॅसीवरचा नंबर फडक्याने पुसला आणि त्यावर खडू घासला. आकड्यांच्या खालचा पत्रा कानसीने घासलेला होता आणि दोन आकडे बाकीच्यांच्या ओळीत नव्हते. आबा काही न बोलता त्याला बाहेर घेऊन आले. पाचशे रुपये बुडाले.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "लेका, मोठ्या घरचा पोरगा असली गाडी घेऊन सापडला तर त्याला फसवलं म्हणतील. आपल्या वस्तीतला पोरगा सापडला तर त्याने चोरली म्हणतील. कागदाशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही."

वाचकहो, हे वाक्य प्रत्येक घरातल्या तरुण मुलाला ऐकवावे असे आहे. स्वस्त गाडीच्या मोहात पोलीस केस अंगावर आली की शिक्षण, नोकरी, सारेच धोक्यात येते.

मावशीची गाडी

मग आमच्याच ओळखीच्या एका मावशीकडची येझदी समजली. यजमानांना जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि गाडी त्याच्याही आधीपासून बंद होती. मावशी म्हणाल्या, "घेऊन जा रे बाळा. पाच हजार दे. भंगारवाला तीनच देतो म्हणतो."

भाचा आनंदाने घरी आला. आबांनी विचारले, "या गाडीला बाजारात काय मिळतं ते तुला ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक होते. येझदीला हल्ली मागणी आहे. बंद गाडीलाही पाच हजारांहून पुष्कळ जास्त मिळतात.

"मग मावशीला ते सांग. तिला ठाऊक नाही म्हणून तू कमी देणार असशील, तर तुझ्यात आणि भंगारवाल्यात फरक काय?"

पोरगा रात्रभर विचारात होता. पाच हजारांची गाडी हातची जाईल ही भीती साधी नव्हती. पण सकाळी जाऊन त्याने मावशीला खरे सांगितले. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेरच्याला देऊन काय करू? तू बारा हजार दे, तीन-तीन हजार करून दे." व्यवहार तिथेच ठरला.

येझदी म्हणजे काय

नव्या पिढीसाठी थोडी माहिती. जावा ही मूळ चेकोस्लोव्हाकियातली कंपनी, स्थापना 1929 ची. आपल्याकडे म्हैसूरला 'आयडियल जावा' या कारखान्यात 1961 पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांना येझदी हे नाव मिळाले. 1996 साली तो कारखाना बंद पडला. अलीकडे दुसऱ्या कंपनीने ही नावे पुन्हा बाजारात आणली आहेत, पण त्या गाड्या वेगळ्या.

जुनी येझदी 250 सीसीची, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांना एकच दांडी. दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. ते विसरले की पिस्टन धरलाच म्हणून समजा. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. म्हणून शिकणाऱ्याला हे इंजिन सोपे जाते.

दुरुस्ती कशी केली

आबांची शिस्त अशी की आधी वाचायचे, मग पाना लावायचा. बंद गाडीला तीन प्रश्न विचारायचे: इंजिन फिरते का, ठिणगी येते का, पेट्रोल पोचते का.

किक जाम होती. जोर लावायचा नाही, ही पहिली ताकीद. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल आणि ऑइल सोडले आणि गाडी तशीच ठेवली. रोज थोडे हलवून पाहायचे. चौथ्या दिवशी पिस्टन सुटला.

मग ठिणगी. या गाडीला बॅटरीशिवाय ठिणगी मिळत नाही, आणि बॅटरी सहा व्होल्टची लागते. ती नवी घेतली. पॉइंट काळे पडले होते, ते बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट 0.4 मिलिमीटर ठेवली. कंडेन्सर बदलला. प्लग हेडला टेकवून किक मारली तेव्हा निळी ठिणगी दिसली.

टाकीतले जुने पेट्रोल वार्निशासारखे घट्ट झाले होते. टाकीत मूठभर नटबोल्ट टाकून हलवून हलवून गंज काढला. कार्बोरेटरचे जेट तारेने टोचायचे नाहीत, भोक मोठे होते. हवा मारून साफ करायचे.

गाडी सुरू झाली, पण पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गिअरबॉक्सचे ऑइल कमी होऊ लागले. आबा म्हणाले, "क्रँकचे ऑइल सील गेले." टू-स्ट्रोक इंजिनात हे सील गेले की गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाते. इंजिन पूर्ण उघडावे लागले. उघडल्यावर सिलिंडरवर ओरखडे दिसले. मग बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवला. सुटे भाग काही नाना पेठेतून आणले, काही बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून.

ब्रेक लायनर, केबल आणि दोन्ही टायर नवे घातले. जुना टायर दिसायला चांगला असला तरी रबर कडक होऊन फुटते. गाडी पळवायची नंतर, थांबवायची सोय आधी.

माता-भगिनींसाठी एक सूचना. आपली घरे लहान, स्वयंपाक आणि झोप एकाच खोलीत. पेट्रोलची टाकी, बाटली किंवा भिजलेले फडके घरात ठेवू देऊ नका. भाग धुणे, टाकी रिकामी करणे हे सारे उघड्यावर, गॅस आणि दिव्यापासून दूर. ताईने हा नियम इतका कडक पाळला की पोरगा हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

कागदांचे काम

इंजिनापेक्षा जास्त वेळ इथे गेला. गाडी मावशींच्या यजमानांच्या नावावर होती. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. बहुतेक घरांत हे कोणी करत नाही. मृत्यूचा दाखला, फॉर्म 31, दोन मुलगे आणि मुलगी यांची संमती, हे झाल्यावर गाडी आधी मावशींच्या नावावर झाली. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30 भरून भाच्याच्या नावावर.

शिवाय नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर असतो आणि नूतनीकरण चुकले असेल तर उशिराचा आकारही. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन किती भरावे लागेल ते विचारा. जुन्या गाडीची नोंद संगणकावर आहे की नाही, तेही पाहा. नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते. विमा आणि पीयूसी नसताना गाडी रस्त्यावर आणू नका. आमची येझदी तोवर अंगणातच सुरू होत होती.

काही लोक 'व्हिंटेज' नोंदणीचे सांगतात. 2021 च्या नियमाप्रमाणे ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि गाडी रोजच्या वापराला चालत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाच्या ती उपयोगाची नाही.

वहीतला हिशेब

गाडी 12,000. सुटे भाग 9,400. बोअर आणि लेथचे काम 2,600. टायर-ट्यूब 3,800. बॅटरी आणि वायरिंग 1,900. एकूण 29,700 रुपये. कागदांचा आणि विम्याचा खर्च वेगळा, तो आबांनी पेन्शनमधून दिला. मजुरी शून्य, कारण हात घरचे. हीच गाडी बाहेर मेकॅनिककडे दिली असती तर हिशेब नक्कीच कोलमडला असता. म्हणून घरात कोणी जाणता नसेल तर बंद गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ॲव्हरेज पाहायचे असेल तर येझदी घेऊच नये.

मग मिळाले काय? सात महिन्यांत पोरगा जे शिकला ते कुठल्या वर्गात शिकवले नसते. मोजपट्टी, फीलर गेज, वायरिंगचा नकाशा आणि सरकारी अर्ज, सारे त्याने स्वतःच्या हाताने केले. आता रविवारी आळीतल्या दोन-तीन गाड्या त्याच्याकडे येतात. त्याचे पैसे तो वहीत लिहितो आणि ताईला देतो.

शेवटचा हप्ता द्यायला तो येझदी घेऊनच गेला. मावशींनी आवाज आतूनच ओळखला आणि त्या दारात आल्या. पैसे मोजले नाहीत, पदरात बांधले. मग कपाटातून एक जुनी चावी आणून त्याच्या हातावर ठेवली. "ही दुसरी. यांनी जपून ठेवली होती. कोणी मागितलीच नाही," एवढेच म्हणाल्या.

ताईने ती चावी घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आहे.